तुलना करायची तर त्यांच्या गरिबीच्या काळाशी

भारताची अर्थव्यवस्था जगात चौथी की पाचवी, यावरून गेली काही वर्षे जो वाद चालू आहे, तो ठाण्यातल्या व्याख्यानमालांपासून गृहसंकुलांच्या व्हॉट्सॲप गटांपर्यंत सगळीकडे त्याच दोन सुरांत ऐकू येतो. पहिला सूर असा की, ज्या ब्रिटनने आपल्यावर राज्य केले त्याला आपण मागे टाकले, आता जपानचीही पाळी आली, तेव्हा गरिबीचे रडगाणे पुरे झाले. दुसरा सूर बहुधा सिंगापूर किंवा दुबई पाहून आलेल्या माणसाचा असतो. तिथले स्वच्छ पदपथ आणि वेळेवर धावणाऱ्या गाड्या पाहून त्याची खात्री पटलेली असते की आपल्या लोकांच्या अंगी शिस्तच नाही आणि म्हणून इथे काही सुधारणे शक्य नाही. दोन्ही बाजू तावातावाने बोलतात, परंतु दोघांची गफलत एकच आहे. आजचा श्रीमंत देश आणि आजचा गरीब देश शेजारी शेजारी उभे करून ते दोघांतला फरक मोजतात आणि त्या फरकालाच श्रीमंतीचे कारण समजून बसतात.

श्रीमंत देश श्रीमंत झाल्यानंतर कसे दिसतात हे पाहून गरीब देशाला शिकण्यासारखे फार थोडे असते, असे माझे स्पष्ट मत आहे. शिकायचे असेल तर ते देश आपल्याइतके किंवा आपल्याहून गरीब होते तेव्हा त्यांनी कशावर हात आखडता घेतला आणि कशावर घेतला नाही, कोणाच्या मुलांना शाळेत घातले, कोणाच्या हाताला काम दिले, उद्योगांना सवलती देताना मोबदल्यात काय मागितले, हे पाहायला हवे. स्वच्छता, वक्तशीरपणा, रांगेची सवय या गोष्टी बऱ्याच अंशी समृद्धीच्या मागोमाग आल्या आहेत. त्यांनाच समृद्धीचे कारण ठरवले की सारी चर्चा लोकांच्या स्वभावावर घसरते आणि राज्यकर्त्यांनी घेतलेले किंवा टाळलेले निर्णय नजरेआड होतात.

क्रमांकाचा मुद्दा लवकर संपणारा आहे. एकूण उत्पादनाला महत्त्व नाही असे कोणी म्हणू नये. आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत देशाचे वजन, संरक्षणावर खर्च करण्याची ताकद, परदेशी गुंतवणूकदाराला दिसणारी बाजारपेठ, हे सारे त्या आकड्यावर ठरते. परंतु 140 कोटींहून अधिक लोकांच्या देशाची 12 कोटी लोकांच्या जपानशी बरोबरी झाली, याचा सरळ अर्थ सरासरी जपानी माणसाचे उत्पन्न आपल्या सुमारे बारापट आहे असाच होतो. आपले दरडोई उत्पन्न पावणेतीन हजार डॉलरच्या आसपास आहे आणि जपानचे तीस हजारांच्या वर. यावर कोणी म्हणेल की डॉलरच्या विनिमय दराने केलेली तुलना फसवी असते, कारण टोकियोत केस कापायला जेवढे पैसे लागतात तेवढ्यात ठाण्यात महिन्याची भाजी येते. हा आक्षेप खरा आहे. खरेदीशक्तीच्या हिशेबाने मोजले तर दरी पुष्कळ अरुंद होते, पण तरीही ती काही पटींची राहतेच. शिवाय खनिज तेल, यंत्रे आणि औषधांचा कच्चा माल आपल्याला जगाच्या बाजारभावानेच घ्यावा लागतो, ठाण्याच्या भावाने नव्हे.

या बाबतीत दादाभाई नौरोजींची रीत मला आजही सर्वांत प्रामाणिक वाटते. 1867-68 च्या आकड्यांवरून त्यांनी हिंदुस्थानातील दरडोई वार्षिक उत्पन्न 20 रुपये काढले आणि ते केवळ इंग्लंडच्या उत्पन्नाशी ताडून ते थांबले नाहीत. सरकारी तुरुंगात एका कैद्याच्या अन्नवस्त्रावर किती खर्च होतो, हे त्यांनी सरकारच्याच अहवालांतून शोधले आणि तो खर्च सामान्य रयतेच्या उत्पन्नाहून जास्त असल्याचे दाखवून दिले. कोणाचा क्रमांक वर आणि कोणाचा खाली, या प्रश्नाच्या खूप पुढे ती तुलना गेली होती. जगायला किती लागते आणि मिळते किती, हे तिने विचारले. आज दीडशे वर्षांनंतर आपण मात्र क्रमांकांच्या कोष्टकाशी येऊन थांबलो आहोत.

आता शिस्तीकडे येतो, कारण सुशिक्षित माणसांमध्ये हाच युक्तिवाद सर्वाधिक चालतो. त्यातले तथ्य मान्य करायला हवे. आपल्या शहरांत थुंकणे, सिग्नल तोडणे, कचरा नाल्यात टाकणे हे रोजचे आहे, आणि सार्वजनिक जागा ही आपली जागा आहे ही जाणीव आपल्याकडे दुबळी आहे, हे नाकारण्यात काहीच अर्थ नाही. प्रश्न एवढाच की गरिबीचे मूळ यात आहे काय? 1858 च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली होती की पार्लमेंटचे कामकाज चालवणे कठीण झाले. त्याच्या चार वर्षे आधी सोहो भागात पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, शेकडो माणसे मेली होती. ब्रिटन तेव्हा जगातील सर्वांत श्रीमंत आणि सर्वांत पुढारलेला औद्योगिक देश होता. म्हणजे श्रीमंती आधी आली होती आणि घाण तशीच होती. लंडनचे लोक एके सकाळी शहाणे झाले म्हणून ती गेली नाही. जोसेफ बॅझलजेट यांच्या देखरेखीखाली सार्वजनिक पैशातून शहराखाली मैलोगणती भुयारी गटारे बांधली गेली, म्हणून ती गेली.

स्वभावाच्या सिद्धान्ताची गंमत अशी की तो प्रत्येक गरीब देशाला बसतो आणि तो देश श्रीमंत झाला की कोणालाही आठवत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रज प्रवासी जर्मन माणसाला मंद आणि आळशी म्हणत. बिअॅट्रिस वेब यांच्यासारखी समाजवादी विचारांची विदुषी 1911-12 मध्ये पूर्व आशियाच्या दौऱ्यावर गेली, तेव्हा तिला जपानी लोक आरामाचे भोक्ते वाटले आणि कोरियन लोकांविषयी तर तिने गलिच्छ, आळशी अशी विशेषणे वापरली. तेच जपानी आणि तेच कोरियन आज आपल्या व्याख्यानांत कष्टाळूपणाचे दाखले म्हणून येतात. शंभर वर्षांत त्यांचे रक्त बदलले काय? कारखान्याच्या भोंग्यावर जगणाऱ्या माणसाला वेळेची किंमत कळते. ज्याला दिवसाकाठी काम मिळेल की नाही याचीच शाश्वती नाही, त्याने घड्याळ कशासाठी पाहायचे?

सिंगापूरचा दाखला देणाऱ्यांनी तिथल्या फेरीवाल्यांचा इतिहास अवश्य पाहावा. 1965 मध्ये स्वतंत्र झालेल्या सिंगापुरात हजारो फेरीवाले रस्त्यांवर आणि नदीकाठी खाद्यपदार्थ विकत आणि खरकटे पाणी गटारात, तिथून नदीत जात असे. सरकारने 1960 च्या दशकाअखेरीस त्यांची नोंदणी केली, परवाने दिले आणि पुढच्या पंधरा-सतरा वर्षांत त्यांच्यासाठी पाणी, सांडपाण्याची व्यवस्था आणि ठरलेला गाळा असलेली केंद्रे बांधून एकेकाला तिथे नेले. 1977 मध्ये हाती घेतलेली नदीची सफाई 1987 मध्ये पूर्ण झाली. दंड होता, कडक होता, पण जाण्यासाठी जागा आधी तयार होती. याउलट ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला संध्याकाळी सहाच्या सुमारास काय घडते ते पाहा. लांबून कोणीतरी “गाडी आली” म्हणून ओरडतो आणि क्षणार्धात चादरीची चार टोके एकत्र येतात, कंगवे, रुमाल, मोबाइलची कव्हरे गाठोड्यात जातात, पेरूवाली टोपली उचलून गल्लीत शिरते. अर्ध्या तासाने पालिकेची गाडी गेलेली असते आणि चादर पुन्हा त्याच जागी अंथरलेली असते. पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणाची, प्रमाणपत्राची आणि विक्री क्षेत्रे आखण्याची तरतूद करणारा केंद्रीय कायदा 2014 पासून आपल्याकडे आहे. फेरीवाल्याला आणि त्याच्याकडून खरेदी करणाऱ्या चाकरमान्याला बेशिस्त ठरवण्यापूर्वी त्या कायद्यातील कोणती जागा त्याला प्रत्यक्षात मिळाली, हे विचारायला नको का?

संस्कृतीचा सिद्धान्त तपासायचा तर त्याच संस्कृतीची माणसे दुसऱ्या राज्यव्यवस्थेत कशी वागली हे पाहावे. मॉरिशस हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. 1834 नंतर उसाच्या मळ्यांवर राबण्यासाठी बिहारमधून, तमीळ प्रदेशातून आणि आपल्या कोकणातूनही करारबद्ध मजूर तिथे नेले गेले. त्या मराठी कुटुंबांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात. 1961 मध्ये ब्रिटिश अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी, ज्यांना पुढे नोबेल मिळाले, या बेटाचे भवितव्य अंधारमय असल्याचे भाकीत केले होते: वाढती लोकसंख्या, एकच पीक, आणि आपसांत न पटणारे अनेक समाज. 1968 मध्ये बेट स्वतंत्र झाले, 1970 मध्ये निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा, म्हणजे निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांना सवलती देणारा कायदा झाला, कपड्यांच्या कारखान्यांत हजारो स्त्रिया प्रथमच पगारावर कामाला लागल्या आणि 1970 च्या दशकातच माध्यमिक शिक्षण मोफत झाले. आज मॉरिशसचे दरडोई उत्पन्न भारताच्या चौपट आहे. छोटे बेट आणि युरोपने दिलेला साखरेचा चढा भाव यांचा त्यात वाटा आहे, हे मान्यच आहे. परंतु रत्नागिरीचा तोच माणूस तिथे शिस्तीचा आणि इथे बेशिस्त का, याचे उत्तर स्वभावात सापडत नाही.

मॉरिशसने आणखी एक समज खोडून काढला आहे. प्रगतीसाठी काही काळ दंडुका हवा, लोकशाहीत काही होत नाही, असे आपल्याकडे मोठमोठी माणसे खासगीत बोलतात. त्यांच्या बाजूने सर्वांत बळकट पुरावा अर्थातच पार्क चुंग-ही यांचा दक्षिण कोरिया आणि ली क्वान यू यांचे सिंगापूर. हे पुरावे खरे आहेत, पण ते निवडून काढलेले आहेत. झाईरमध्ये, म्हणजे आजच्या काँगोत, मोबुटूने तीन दशके दंडुका चालवला, ब्रह्मदेशात लष्कराने त्याहून जास्त काळ चालवला. त्यांचे दरडोई उत्पन्न काय झाले? मॉरिशस आणि बोट्स्वाना या दोन्ही देशांनी निवडणुका घेत घेतच वाट काढली. नवी मुंबईच्या माणसाला हा धडा परक्या देशातून शिकण्याची गरज नाही. 95 गावांची जमीन शहरासाठी संपादित झाली आणि जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-जासई परिसरात शेतकरी रस्त्यावर उतरले, तेव्हा गोळीबारात पाच जण गेले. त्या बलिदानानंतरच संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन मूळ मालकाला परत देण्याचे धोरण पुढे आले. विकासाला विलंब झाला तो आंदोलनामुळे, असे म्हणणाऱ्यांनी हा हक्काचा वाटा पहिल्याच दिवशी दिला असता तर किती वर्षे वाचली असती, याचाही हिशेब मांडावा. सिंगापूरनेही स्वस्तात जमिनी घेतल्या, परंतु झोपड्या हलवण्याच्या आधी 1960 मध्ये गृहनिर्माण मंडळ स्थापून घरे उभी करायला सुरुवात केली होती. आज तिथल्या रहिवाशांपैकी सुमारे 80 टक्के लोक त्या सार्वजनिक घरांत राहतात.

“इंग्रजांनी लुटले म्हणून आपण मागे राहिलो” हे उत्तर वरील दोन्ही सुरांहून अधिक सत्याच्या जवळ आहे आणि ते मी हलक्याने घेत नाही. ठाण्याच्या माणसाला त्याचा पुरावा रोज रुळांवर दिसतो. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढलेली गाडी ठाण्याला आली, तेव्हा जपानमध्ये रेल्वे नव्हती. टोकियो-योकोहामा मार्ग 1872 मध्ये, म्हणजे आपल्यानंतर तब्बल 19 वर्षांनी सुरू झाला. दोन्हीकडे इंजिने इंग्लंडची, अभियंतेही इंग्लंडचे. फरक पडला तो पुढे. आपल्या रेल्वे कंपनीच्या लंडनमधील भागधारकांना हिंदुस्थानच्या महसुलातून 5 टक्के परताव्याची हमी होती, आणि इंजिने बनवायला इथल्या माणसाने शिकावे अशी कोणाचीच गरज नव्हती. जपानने कर्ज काढले ते स्वतःच्या सरकारच्या नावाने, परदेशी अभियंत्यांच्या हाताखाली आपली माणसे ठेवली, 1893 मध्ये देशात पहिले इंजिन बांधले आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास इंजिनांची आयात जवळपास थांबवली. स्वातंत्र्यापर्यंत हिंदुस्थानात ब्रिटनमधून हजारो इंजिने आली आणि इथे बांधली गेली ती काही शेकडा. चित्तरंजनच्या कारखान्यातून पहिले इंजिन बाहेर पडायला 1950 उजाडले. यंत्र येणे आणि यंत्र बनवण्याची विद्या येणे यांतले अंतर त्या एका रुळावर स्पष्ट दिसते.

तरीही हे उत्तर अपुरे आहे, कारण कोरियाही 1910 ते 1945 जपानची वसाहत होता, त्याची भाषादेखील शाळांतून हद्दपार झाली होती, आणि नंतरच्या युद्धाने 1953 पर्यंत देश बेचिराख केला होता. 1960 च्या आसपास त्याची गणना गरीब देशांतच होत असे. चीनचे दरडोई उत्पन्न तर 1990 च्या सुमारासही आपल्याइतकेच होते, आता ते आपल्या चौपटीच्या पुढे आहे. लुटीने आपल्याला 1947 मध्ये कुठे आणून सोडले हे कळते, पण त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांचा जाब तिला विचारता येत नाही.

मग कोरियाने गरिबीत केले काय? आपल्याप्रमाणेच त्यानेही आयातीवर कर लावले, उद्योगांना स्वस्त कर्जे दिली. 1991 पर्यंतच्या आपल्या परवाना-राज्याचे अपयश दाखवून संरक्षणाची कल्पनाच मोडीत काढणारे इथे घसरतात. इंग्लंडने अठराव्या शतकाच्या आरंभी हिंदी सुती कापडावर बंदी घातली होती आणि अमेरिकेने यादवी युद्धानंतर दीर्घ काळ भरमसाट आयात कर ठेवले होते. वाढत्या उद्योगाला सावली सगळ्यांनीच दिली. कोरियाची खासियत अशी की सवलत घेणाऱ्या कारखानदाराला निर्यातीचे उद्दिष्ट दिले जाई आणि ते चुकले की कर्ज आटे. आपण संरक्षण दिले, पण मोबदल्यात काही मागितले नाही. परिणामी मालक सुरक्षित राहिले आणि कामगारांची संख्या मात्र वाढली नाही.

त्याची खूण ठाण्यात जागोजागी आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची पहिली वसाहत 1962 मध्ये इथेच, वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली. पोखरण रस्ता, कोलशेत, माजिवडे, पलीकडे ठाणे-बेलापूर पट्टा, या भागांत एके काळी पाळी सुटली की रस्ता सायकलींनी भरून जाई. आज त्यांतल्या कित्येक जागांवर निवासी मनोरे आणि मॉल आहेत आणि अनेकांना ती प्रगतीची पावती वाटते, कारण मँचेस्टरच्या गिरण्याही अशाच बंद पडल्या होत्या. परंतु ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धापूर्वी कामकऱ्यांपैकी सुमारे 45 टक्के कारखानदारीत होते, कोरियात 1980 च्या दशकाअखेर चौथ्या हिश्श्याहून अधिक. आपल्याकडे तो वाटा आठव्या-नवव्या हिश्श्याभोवतीच घुटमळला, आणि 2023-24 मध्येही 46 टक्के कामकरी शेतीवरच अवलंबून होते. श्रीमंत देशांचे कारखाने संपन्नता आल्यावर बंद झाले. आपले ती येण्याआधीच. गिरणीकामगाराचा मुलगा पर्यवेक्षक व्हायचा तो आज त्याच जागेवरच्या मॉलमध्ये करारावर सुरक्षारक्षक आहे. त्याला सेवाक्षेत्राची वाढ म्हणण्याआधी त्याची पगाराची चिठ्ठी पाहावी.

आता ती वाट बंद झाली, यंत्रमानवांच्या युगात कारखाने रोजगार देणार नाहीत, असा आक्षेप येतो. तो गंभीर आहे. जग 1970 सारखे उरलेले नाही आणि अमेरिकेसारख्या देशांची आयातीविषयीची वृत्तीही पालटली आहे. परंतु 1986 मध्ये आर्थिक सुधारणा सुरू करणारा, तोवर युद्धांनी पिचलेला व्हिएतनाम आज जेमतेम 10 कोटी लोकसंख्येवर वर्षाला 400 अब्ज डॉलरहून अधिक मालाची निर्यात करतो, आणि चौदापट लोकसंख्येच्या भारताची मालनिर्यात त्याच्यापेक्षा फार पुढे नाही. न्हावा-शेवा बंदर 1989 पासून आपल्या उंबरठ्यावर आहे. कमी आहे ती बंदराची नाही.

कमी कशाची आहे, ते शिक्षणाच्या इतिहासात दिसते आणि या साऱ्या तुलनेत मला सर्वांत जास्त बोचणारी गोष्ट तीच आहे. जपानने 1872 मध्ये, हाती पैसा नसताना, गावात एकही घर आणि घरात एकही माणूस अशिक्षित राहू नये असा आदेश काढला. लोकांनी आनंदाने त्याचे स्वागत केले नाही. शाळेच्या करामुळे दंगे झाले, शाळा जाळल्या गेल्या. 1873 मध्ये जेमतेम 28 टक्के मुले शाळेत होती, 1905 पर्यंत ते प्रमाण 95 टक्क्यांच्या आसपास पोहोचले. आपल्याकडे ही दृष्टी नव्हती असे नाही. जोतीराव फुल्यांनी 1882 मध्येच इंग्रज सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन देऊन बारा वर्षांपर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली आणि रयतेच्या करातून वरच्या वर्गांचे उच्च शिक्षण पोसले जाते, हेही सुनावले. गोखल्यांनी 1911 मध्ये सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक आणले. 1912 मध्ये ते 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. तिथवर दोष परकीय सत्तेचा. पण राज्यघटनेने दहा वर्षांत, म्हणजे 1960 पर्यंत, चौदा वर्षांखालील सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण द्यायला सांगितले होते. युद्धातून नुकताच उठलेला कोरिया 1960 पर्यंत जवळजवळ सगळी मुले प्राथमिक शाळेत आणू शकला. आपला शिक्षण हक्काचा कायदा 2009 मध्ये झाला.

कायद्यानंतर पटावर जवळजवळ सर्व मुले आली, हे मोठे काम आहे आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. पण ठाण्याहून दीड-दोन तासांवरच्या शहापूर-मुरबाडच्या कातकरी पाड्यांत दिवाळीनंतर जाऊन पाहावे. पावसाळ्यात उचललेला बयाणा फेडण्यासाठी कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, कल्याण, पनवेलकडच्या वीटभट्ट्यांवर गेलेली असतात आणि ती पाऊस तोंडावर आल्यावरच परततात. शाळेच्या हजेरीपटावर नाव असलेली आठ-नऊ वर्षांची मुलगी तिथे धाकट्या भावाला कडेवर घेऊन ओल्या विटा उन्हात उलथत असते. तिच्यासाठी, स्थलांतराच्या ठिकाणच्या शाळेत शिक्षण चालू राहावे म्हणून, शिक्षण हमी कार्डाची योजना आहे, भट्ट्यांवर भोंगा शाळा, म्हणजे मजुरांच्या झोपड्यांतल्या शाळा, चालवण्याचे प्रयोगही कार्यकर्त्यांनी केले आहेत. पैसा नाही, लोकसंख्या फार, लोकांनाच शिक्षणाची आस्था नाही, ही तिन्ही कारणे 1873 च्या जपानलाही सांगता आली असती. भट्टीचा हंगाम कधी सुरू होतो, कोणत्या पाड्यावरचे कोणते कुटुंब किती उचलीवर कोणत्या भट्टीवर जाते, हे मुकादमाच्या वहीत नावानिशी लिहिलेले असते. तेवढी नोंद शिक्षण विभागाच्या वहीत असण्यासाठी दरडोई उत्पन्न तीस हजार डॉलर होण्याची वाट पाहावी लागत नाही.